नूपुरच्या नावाची सीट

अक्षय तृतीयेला नूपुरच्या पाटावर बसायला अख्ख्या गल्लीत एक कुंवारी पोरगी मिळेना.

रीत साधी होती. लग्नाआधी गेलेली लेक जेवू घालायची, तर तिच्या वयाची, दुसऱ्या घरची पोरगी बोलवायची. तिला नवा कपडा द्यायचा, पाटावर बसवायचं आणि ताटावरून उठेपर्यंत गेलेलीच्या नावानं हाक मारायची. वडा घे वं नूपुर. चिंचवणी घे वं नूपुर. पोरगी लाजत जेवते, हात धुऊन घरी जाते. गेलेली जेवून गेली असं मानतात. गेली तीन वर्षं नीलाने असंच केलं. पण उमरेडच्या या विणकरांच्या गल्लीतले माग एकेक करून बंद पडले होते. घरं उठून नागपूरला गेली होती. चाळीस मागांच्या गल्लीत आता एकच वाजत होता, नीलाच्या नवऱ्याचा, गिरिधरचा. आणि पोरगीही एकच उरली होती. नीलाचीच धाकटी, वेदिका.

"घरची बसवू नये वं नीला," समोरच्या यमुताई उंबऱ्यावरूनच म्हणाल्या. "पाट वळखते घरच्या पोरीले."

"मंग काय, उपाशी ठेवू तिले?"

यमुताई पदरानं वारा घेत परत फिरल्या.

नूपुर गेली ती चार वर्षांमागच्या श्रावणात, आठ दिवसांच्या तापानं. अठरा वर्षांची होती. वेदिकाला यंदा अठरावं पूर्ण झालं. नीलाने शिवलेला पिवळा ड्रेस वेदिकानं घातला आणि तिच्या लक्षात आलं, तो तिच्या मापाचा नाही. नूपुरच्या जुन्या मापाच्या चिठ्ठीवरून शिवला होता. तरी बरोबर बसला. खांद्यात, कमरेत, बाहीत, कुठं एक बोटाचा फरक नव्हता.

"नूपुर, वडा घे वं."

वेदिकानं मुकाट्यानं वडा घेतला. बाहेर ऊन इतकं कडक, की गल्लीतले बंद दरवाजे तापून करकरत होते. कोणी आत असल्यासारखे.

तेवढ्यात फोन वाजला. तो फोनही मूळ नूपुरचा. ती गेल्यावर घराचा झाला होता. वेदिकाचा हात खरकटा म्हणून नीलाने उचलला. तिकडून एक गोड आवाज हिंदीत विचारत होता, "नूपुर जी से बात हो सकती है?"

नीलाच्या हातातली पळी कढीत बुडाली. मग ती अगदी साध्या आवाजात, रोजचं सांगावं तसं म्हणाली, "जेवून राहिली ते. थांबा, देतो."

आणि तिनं फोन वेदिकाच्या कानाला लावला.

वेदिकाच्या तोंडात वडा होता. समोर आई वाकून उभी होती, आणि आईच्या डोळ्यांत जे होतं ते वेदिकानं चार वर्षांत पाहिलं नव्हतं. तिनं घास गिळला.

"हां जी," ती म्हणाली. "बोल रही हूँ."

*

घडलं होतं एवढंच. दोन दिवसांपूर्वी वेदिकानं कॉलेजं शोधून देणाऱ्या एका साईटवर फॉर्म भरला होता. 'कमी खर्चात खगोलशास्त्र कुठं शिकता येईल?' नाव-पत्ता फोननं आपल्याच मनानं भरला, जुना, नूपुरचा. वेदिकानं तिकडे पाहिलंच नाही. तिचं लक्ष खालच्या ओळीकडे होतं: आपल्या आवडीचा विषय. तिथं तिनं स्वतः लिहिलं होतं, तारे.

ताऱ्यांचं वेड तिचं होतं, एकटीचं. नूपुरला नर्स व्हायचं होतं. नूपुरनं कधी मान वर करून आभाळ पाहिलं नव्हतं. तिला उन्हाळ्यात गच्चीवर झोपायचीसुद्धा भीती वाटे. सप्तर्षींतलं खाटलं कोणतं आणि त्याच्यामागचे तीन चोर कोणते, हे वेदिका तिला बोट धरून दाखवायची, तर नूपुर म्हणायची, "मले नको दाखवू वं. ते पाह्यते आपल्याकडं."

त्या अक्षय तृतीयेपासून फोन सुरू झाले. दिवसाला सहा, कधी दहा. दर वेळी आवाज वेगळा, पण प्रत्येक आवाजाला नूपुरबद्दल आदल्या आवाजापेक्षा थोडं जास्त ठाऊक असायचं. काल बाईनं विचारलं, बारावीला कोणते विषय; आजचा माणूस म्हणायचा, नूपुरजींचं गणित चांगलं आहे ना. वेदिका दुकानात, नळावर, किंवा वापरायच्या पाण्याला गेली की नीला बोलायची. सुताच्या कांड्या भरायचा चरखा एका हातानं फिरवत, फोन खांद्याशी दाबून.

"हो, लहानपणापासूनच आवड तिले. रातच्या रात आभाय पाहत बसे."

"आई, ते मी," वेदिका दारातून म्हणाली.

नीलाने हातानं तिला गप्प केलं. "नाही, बाहेर नाही गेली अजून. पयल्यांदाच चालली."

पाच दिवसांनी निकाल लागला. एक्क्याऐंशी टक्के. नीलाने यमुताईंच्या हातावर साखर ठेवली आणि म्हणाली, "पास झाली पोरगी." कोणती ते म्हणाली नाही.

आणि ती गाऊ लागली. चार वर्षं या घरात चरखा मुका फिरत होता. आता सकाळी पाणी भरून झालं, की नीला भिंतीला टेकून बसायची, सूत ओलं करायची, आणि खालच्या आवाजात ओवी निघायची,

*कांडी भरू भरू माह्या, हाताले आला शीण*
*दूरदेशी चालली वं, माही थोरली सुगरीण*

गिरिधर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला असे. ओवी सुरू झाली की त्याचा धोटा एका लयीत इकडून तिकडे जायचा. उन्हानं सुकलेलं सूत तुटायचं कमी व्हायचं. दुपारी दोनला गावाजवळच्या कोळशाच्या खाणीत सुरुंगाचा बार उडे. तेव्हा मागावरचा सगळा ताणा एकदम गुणगुणायचा, शेकडो धागे, एका नाकातून निघाल्यासारखे. त्या क्षणी तिघंही थांबत. मग नीला पुढची ओळ घ्यायची, आणि ती ओळ धाग्यांनीच तिला सांगितल्यासारखी वाटायची.

"बाबा, तुम्ही तरी सांगा आईले," वेदिका एकदा खड्ड्याच्या काठावर बसून म्हणाली. "फोनवर ते नूपुरताईचं नाव सांगून राहिली."

गिरिधरनं फणी ठोकली. एकदा, दोनदा. "गाऊन राहिली ना ते?" तो म्हणाला. "गाऊ दे."

*

मागावरून लुगडं उतरलं तेव्हा गिरिधर आणि वेदिका एसटीनं नागपूरला गेले. लकडगंजात भैयाजींची पेढी होती. सूत तेच देत, माल तेच घेत. भैयाजी गादीवर तक्क्याला रेलून कोणाशी तरी फोनवर बोलत होते. बापलेक अर्धा तास उभे राहिले. पंख्याचा वारा गादीपर्यंतच येत होता.

भैयाजींनी लुगडं उलगडलं, काठ नखानं खरवडून पाहिला. "एकाच लुगड्याचं सूत देतो गा गिरिधर. पुढचं पाहू. आता कोन नेसते?" मग वेदिकाकडे पाहिलं. "पोरगी काय शिकते?"

"ताऱ्याचं शिकाचं म्हन्ते."

"ताऱ्याचं!" भैयाजी हसले, पोट हललं. "बापानं दिवसा पाह्यले, आता पोरगी रातचे पाह्यते." दिवाणजीही हसला. गिरिधरही थोडा हसला, हसावं लागतं. सुताचं बंडल डोक्यावर घेताना त्याची मान जरा जास्तच वाकली, असं वेदिकाला वाटलं.

तिथून ते सक्करदऱ्याला गेले. तळ्याच्या अलीकडे, एका मेडिकलच्या वर, दोन खोल्यांचं ऑफिस. फोनवरच्या सगळ्या आवाजांनी हाच पत्ता दिला होता. बाहेरच्या राज्यातल्या एका खाजगी विद्यापीठाचे प्रवेश इथून होत. भिंतीवर आकाशगंगेचं मोठं पोस्टर होतं आणि त्याच्यासमोर सौरव नावाचा तरुण बसला होता; कडक इस्त्रीचा शर्ट, कपाळावर घाम.

"या काका, बसा! आणि ही नूपुर ना? वेलकम नूपुर!"

"मी वेदिका," ती म्हणाली. "नाव चुकलं आहे. तेच सांगायला आलो."

सौरवनं कॉम्प्युटर तिच्याकडे फिरवला. पडद्यावर तिचा फोटो होता. बारावीच्या परीक्षेचा, दोन वेण्यांचा. त्याखाली: नूपुर गिरिधर. बी.एस्सी. खगोलशास्त्र व खगोलभौतिकी. वसतिगृह, खोली चौदा, पलंग खिडकीजवळ.

"फोटो कोनं दिला?" गिरिधरनं विचारलं.

"आंटीनं व्हॉट्सअ‍ॅप केला ना. सीटचे पैसेही भरले, बचत गटातून. एप्रिलमध्ये नाव नोंदवलं म्हणून अर्धी फी माफ आहे तुमची. तीनही वर्षं! असा कोर्स पूर्ण विदर्भात नाही काका."

"मंग नाव तेवढं दुरुस्त करा."

सौरवनं ओठ चावला. "तेच होत नाही. सवलत नावावर आहे. दुसरं नाव टाकलं की नवीन अ‍ॅडमिशन धरते सिस्टीम, पूर्ण फी लागते." त्यानं कागदावर पूर्ण फी लिहून दाखवली. गिरिधरनं तो आकडा बघितला आणि सुताचं बंडल पायाशी ओढून घेतलं. "पण टेन्शन नका घेऊ," सौरव खालच्या आवाजात म्हणाला. "मोठ्या ताईचं डेथ झालं ना? आंटींच्या तोंडून निघून गेलं होतं एकदा. म्हणजे नाव रिकामंच आहे. हिचं नाव बदलून घ्या. उमरेडला तहसीलमध्ये अ‍ॅफिडेव्हिट करा, गॅझेट नंतर. मार्कशीट हिची, नाव नूपुर. लीगल आहे, एकदम लीगल. तीस जूनपर्यंत टाईम आहे."

पोस्टरवरची आकाशगंगा पंख्याच्या वाऱ्यानं हलत होती. वेदिका तिच्याकडे पाहत राहिली. खोली चौदा. खिडकीजवळ. आणि पदवीवर तो शब्द, पूर्ण, छापलेला.

"विचार करून सांगतो," ती म्हणाली, आणि तिच्या लक्षात आलं, 'नाही' ती म्हणालीच नव्हती.

*

कामिनी मॅडम तिला अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायच्या. त्यांच्या अंगणात कुरड्या वाळत होत्या. वेदिकानं माहितीपत्रक पुढं केलं, नावाची गोष्ट मात्र सांगितली नाही.

मॅडमनी पत्रक वाचलं, मग मागून पुढं पुन्हा वाचलं. "शिकवणारे कोण आहेत, एकाचं तरी नाव आहे का यात?"

नव्हतं.

"प्रयोगशाळेचा फोटो?"

होता, पण त्यात दुर्बिणीशेजारी उभी असलेली पोरं गोरीपान, परदेशी होती.

"हे बघ वेदिका. ताऱ्यांचं शिक्षण म्हणजे आधी तीन वर्षं फिजिक्स आणि गणित. दुसरं काही नाही. ते नागपूरच्या सरकारी कॉलेजात मिळतं, आणि तिथली वर्षाची फी या लोकांच्या एका महिन्याच्या मेसइतकी नसेल. नंतर एमएस्सीची प्रवेश परीक्षा दे. ताऱ्यांवर काम करणाऱ्या चांगल्या संस्था पोरांकडून पैसे घेत नाहीत बाळा, उलट देतात. कॉलेज कसं पाहायचं? शिकवणारी माणसं आहेत का, लॅबचं कुलूप उघडतं का, मागच्या बॅचची पोरं कुठं गेली. पाटीवर काय लिहिलं ते शेवटी."

"पण त्यावर खगोलशास्त्र नाही लिहून येणार."

"नाही येणार," मॅडम म्हणाल्या. "पाच जुलैपर्यंत फॉर्म आहेत. मूळ दाखला घेऊन जा."

वेदिका घरी आली तेव्हा सरकारी कॉलेजचं पक्कं ठरवून आली होती. पण दारातच वास आला, कारल्याचा. कारलं नूपुरला आवडे. वेदिकाला त्याच्या वासानंच मळमळे. नीलाने ताट वाढलं, शेजारी बसली आणि तिच्या केसांत बोटं घालून म्हणाली, "किती वाळली वं माझी बाई." असा हात या डोक्यावर चार वर्षांत पडला नव्हता. नूपुर गेल्यापासून आईनं वेदिकाला खाऊ घातलं होतं, न्हाऊ घातलं होतं, शाळेत धाडलं होतं. पण तिच्याकडे पाहिलं नव्हतं. पाहायची ती तिच्या मागं, जिथं कोणी नसायचं तिथं.

वेदिकानं कारलं खाल्लं. पहिला घास कडू लागला. चौथा लागला नाही.

त्या रात्रीनंतर ती घरात वेदिका म्हणून कोणाला दिसेना. नूपुर, पाणी आण. नूपुर, कांड्या दे. ती उठायची, आणायची, द्यायची. यमुताई दुरून बघायच्या आणि तिच्याकडे पाहून पदर तोंडाला लावायच्या. दुपारी बार उडाला की धागे गुणगुणत, आणि नीला गायची,

*आभायाच्या अंगनी वं, चांदन्याचं फुटलं पेव*
*थोरलीले माह्या देवा, एक पाट तिथं ठेव*

वेदिका वहीच्या मागच्या पानावर सही करून पाहायची. नूपुर गिरिधर. ती डावखुरी होती. नूपुर उजव्या हातानं लिहायची. डाव्या हातानं ते नाव तिरपं, परकं यायचं. खाडाखोड करून ती वही मिटायची.

मग कुरिअरनं ओळखपत्र आलं. प्लास्टिकचं, गुळगुळीत, फितीसकट. फोटो वेदिकाचा. नाव नूपुरचं. रक्तगट बी निगेटिव्ह.

"बाबा, माझा ओ आहे," वेदिका म्हणाली.

गिरिधरनं कार्ड हातात घेतलं. त्याच्या बोटांना खळीचा चिकटा होता. तो कार्डावर उमटला. नूपुरचा ताप डोक्यात चढला तेव्हा नागपूरच्या दवाखान्यात बी निगेटिव्हसाठी तो सात ठिकाणी पळाला होता. ते दोन शब्द त्याला पाठ होते.

"कुठं लागलं-सवरलं तर तुले तिचं रक्त चढवतीन," तो म्हणाला. चरख्याचा आवाज येत होता, आणि त्यावर ती ओवी. "पण मी काय बोलू गा पोरी? तू गेली तर ते रडन. तू नूपुर होऊन गेली तर ते गाईन. माह्यानं नाही बोलवत."

"आणि मी?"

तो खड्ड्यात उतरला. धोटा हातात घेतला. फेकला नाही.

"सही तुले कराची हाय," तो म्हणाला. "मले नाही."

*

तीस जूनला तहसीलच्या आवारात नीला, वेदिका आणि सौरव पोचले तेव्हा अकरा वाजले होते. पाऊस लांबला होता. आभाळ खाली उतरून बसलं होतं, पण पडत नव्हतं. कडुनिंबाखाली गणपतराव टायपिस्टचं टेबल. साठी उलटलेले, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. शेजारी वकीलसाहेब शिक्का घेऊन बसलेले.

गणपतरावांनी मजकूर टाईप केला आणि कागद काढून, सवयीनं, मोठ्यानं वाचला.

"मी, वेदिका गिरिधर, वय अठरा, प्रतिज्ञेवर लिहून देते की, आजपासून माझे वेदिका हे नाव मी कायमचे सोडले आहे. यापुढे त्या नावाने मला कोणी ओळखू नये, हाक मारू नये. त्या नावाने कोणताही हक्क, नाते वा व्यवहार उरलेला नाही, असे समजावे. यापुढे मी नूपुर..."

ते थांबले. चष्म्यावरून नीलाकडे पाहिलं. "बाई, हे नाव मी एकदा टाईप केलं हाय. चार वर्षं झाली. तेव्हा तुमचे मालकही संगं होते. मृत्यूचा दाखला पाहिजे होता."

"करा ना काका लवकर," सौरव म्हणाला. "चारला पोर्टल बंद होते."

"माह्यं काय, मी टायपिस्ट." गणपतरावांनी खुर्ची मागं सारली. "इथं सही. आणि इथं साक्षीदार, नातं लिवा."

वेदिकानं पेन घेतलं. तिला वाटलं होतं, आता तरी हात थांबेल. नाही थांबला. कागद समोर, आईचा श्वास कानाशी. तिनं लिहिलं, सरसर, न अडता. *नूपुर गिरिधर.* न ला तो छोटा वळसा, र च्या खाली ती लांब रेघ, शेपटीसारखी, नूपुर काढायची तशीच.

नीला ती सही बघत होती. आधी तिचा चेहरा उजळला. मग तिचं लक्ष हाताकडे गेलं.

पेन उजव्या हातात होतं.

"वेदी," नीला म्हणाली.

वेदिका कागदाकडे पाहत होती. शाई वाळत होती.

"वेदी वं."

कडुनिंबावर एकही पान हलत नव्हतं. पोरगी मान खाली घालून, शांत, जणू तिच्याशी कोणी बोलतच नव्हतं. गणपतराव खुर्चीतून अर्धे उठले. नीलाने पोरीचं मनगट धरलं. जून संपत आलेला, लोक घामानं निथळत होते, आणि ते मनगट गार होतं. तापाच्या आठव्या दिवशी पहाटे एक हात असाच तिच्या हातात गार झाला होता.

"वेदिका!" नीला ओरडली तसं आवारातलं सगळं गप्प झालं. "वेदिका कुठं गेली माही? कुठं गेली वं? तू कोन? सोड तिले! मी नाही बोलवलं तुले, मी नाही म्हन्लं असं... तिले सोड वं माय, ते लहान हाय..."

ती तिला गदागदा हलवत होती. पेन खाली पडलं. वेदिकानं डोळे उचलले, आणि पाण्याखालून वर आल्यासारखा तिनं एक लांब श्वास घेतला.

"आई," ती म्हणाली. "हात दुखते. सोड."

नीलाने सोडला नाही. दुसऱ्या हातानं तिनं टेबलावरचा कागद उचलला आणि तोंडात घातला. फाडायला दुसरा हात नव्हता म्हणून दातांनी फाडला. स्टँपपेपरचा तुकडा तिच्या ओठाला चिकटून राहिला.

सौरव मागं सरला. "आंटी, सीट जाईन. भरलेले पैसे परत नाही येत, सांगून ठेवतो."

"जाऊ दे," नीला म्हणाली. "भरले म्हनून काय झालं? तिचंच होतं, तिच्यासंगं गेलं." आणि मग, पहिल्यांदाच, चार वर्षांत पहिल्यांदाच, ती त्या कडुनिंबाखाली भुईवर बसली आणि थोरलीसाठी रडली. मोठ्यानं, छाती पिटून, ज्या दिवशी रडायचं होतं त्या दिवसासारखी. रडण्यात ओवी नव्हती, लय नव्हती. तहसिलातले लोक आपापली कामं सोडून उभे राहिले. वेदिका तिच्याजवळ बसली. आपलं मनगट चोळत.

गणपतरावांनी पैसे घेतले नाहीत.

*

चार जुलैला मायलेकी सकाळच्या एसटीनं नागपूरला गेल्या. रात्रीपासून पाऊस लागला होता आणि गिरिधर मागावर बसला होता. हवेत ओल असली की सूत तुटत नाही. सरकारी कॉलेजच्या लांब व्हरांड्यात पोरांची रांग होती. भिंतीवर यादी. बी.एस्सी., फिजिक्स, गणित, इलेक्ट्रॉनिक्स. तारा हा शब्द कुठंच नव्हता. वेदिकानं जाता जाता दोन गोष्टी पाहिल्या. फिजिक्सच्या लॅबचं दार उघडं होतं, आणि आत एक सर टॉवेल खांद्यावर टाकून गळणाऱ्या छताखालून यंत्रं सरकवत होते, स्वतः. त्यांच्या मागं तीन पोरी, हसत, एक जड पेटी ओढत होत्या.

"इथंच?" नीलाने विचारलं.

"इथंच."

खिडकीवरच्या बाईंनी फॉर्म दिला. वेदिकानं नीलाच्या पाठीवर कागद ठेवून भरला. नाव. जन्मतारीख. रक्तगट. तिसऱ्या पानावर कुटुंबाची माहिती होती. वडिलांचा व्यवसाय: विणकाम. खाली एक ओळ: भावंडांची संख्या व नावे.

वेदिकाचं पेन थांबलं. पाठीवरचा दाब गेला तसं नीलाने वळून पाहिलं.

"काय झालं?"

वेदिकानं ओळ दाखवली. मागची पोरं कुरकुरत होती. पागोळ्यांचं पाणी व्हरांड्यात शिंपडत होतं. नीलाने तिच्या हातातून पेन घेतलं. सातवी शिकलेली बाई. अक्षरं एकेक, कांडीवर सूत गुंडाळावं तशी, जपून काढली. *एक. मोठी बहीण. नूपुर. मयत.*

खिडकीतल्या बाईंनी फॉर्म उलटसुलट पाहिला. त्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. "अहो, मयत असेल तर लिहायचं नसतं इथं. असलेलेच लिहितात. खोडून टाका."

"नाही," नीला म्हणाली. "राहू द्या. कुठंतरी तिचं तिचं लिवलेलं पाहिजे. नाही तं ते हिच्यात येते."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग वेदिकाकडे. मग शिक्का शाईत दाबला आणि मारला.

"वेदिका गिरिधर," त्यांनी पावती फाडत विचारलं, "कोण?"

"मी," वेदिका म्हणाली.